13 वर्षांच्या सॉफ्टबॉल पिचरने रोज किती बॉल टाकावेत?

रोज दोनशे हे जास्तच आहेत, आणि ते कमी करायला खांदा दुखायची वाट पाहू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगी 13 वर्षांची आहे, शाळेच्या संघात ती एकटीच पिचर, म्हणजे बॅटरकडे बॉल टाकणारी, आहे, सरावात रोज दोनशे बॉल टाकते आणि जिल्हा स्पर्धेत एकाच दिवशी तीन सामने तिनेच टाकले. वर सरांचं म्हणणं, हात खालून फिरतो तेव्हा खांद्यावर ताण येतच नाही. मी कॉलेजपर्यंत पिचिंग केलंय, आता मुलींना शिकवते. हे वाक्य मी इतक्या मैदानांवर ऐकलंय की ते नियमपुस्तकातच छापलंय की काय असं वाटावं.

बेसबॉलमध्ये हात डोक्यावरून येतो, खांदे-कोपर निकामी होतात, म्हणून तिथे मुलांच्या बॉलवर वयानुसार मर्यादा आल्या. सॉफ्टबॉलचा विंडमिल, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून बॉल टाकणं, ‘नैसर्गिक’ म्हणून सुटला. पुढे प्रयोगशाळेत कॅमेरे लावून मोजलं तेव्हा दिसलं की बॉल सुटण्याच्या सुमाराला हात खांद्यातून बाहेर खेचणारा जोर पिचरच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जातो. दंडाचा पुढचा स्नायू, बायसेप्स, विंडमिलमध्ये साध्या थ्रोपेक्षाही जास्त राबतो. पिचर मुली खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून ‘इथे दुखतं’ म्हणतात ते त्यामुळे. त्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी तिथूनच जाते. 1989 च्या अमेरिकन कॉलेज स्पर्धेतल्या आघाडीच्या संघांच्या 24 पिचरची पाहणी झाली होती, त्यात 20 जणींना त्या हंगामात दुखापत झालेली निघाली. त्या तर वाढ पूर्ण झालेल्या मुली होत्या. तुमच्या मुलीची हाडं अजून वाढताहेत, टोकाजवळची वाढीची पट्टी कच्ची आहे.

आता आकडे. सॉफ्टबॉलच्या नियमांत बॉलची मर्यादा नाही, त्यामुळे अंपायर तिला थांबवणार नाही. पण अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या ‘स्टॉप स्पोर्ट्स इंज्युरीज’ मोहिमेने दिलेला सल्ला मी पाळते. 13-14 वर्षांच्या मुलीने एका सामन्यात 80 आणि दिवसभरात 115 बॉल, तेही सलग दोनच दिवस. तिसऱ्या दिवशीही खेळायचंच असेल तर 80. 10 ते 12 वयाला सामन्यात 65, दिवसाला 95, आणि तिसऱ्या दिवशी शून्य. 15 आणि त्यापुढे 100, 140 आणि पुन्हा 100. यातला तिसऱ्या दिवसाचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लहान पिचर मुलींची ताकद स्पर्धेच्या आधी आणि नंतर मोजून पाहिली गेली आहे. पहिल्या दिवशी गेलेली ताकद दुसऱ्या सकाळपर्यंत पुरती भरून येत नाही, आणि दुखणं मात्र दिवसागणिक चढत जातं.

तुमच्या जिल्हा स्पर्धेला हे लावून बघा. समजा तिन्ही सामने पाच-पाच इनिंगमध्येच संपले (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात). चांगल्या पिचरलाही एका इनिंगला 15 च्या आसपास बॉल लागतात. या वयात वॉक (चार बॉल चुकीचे पडले की बॅटरला फुकट मिळणारा बेस) भरपूर जातात, म्हणून 18 धरा. म्हणजे एका सामन्याला 90 आणि तिन्हींचे मिळून 270. प्रत्येक सामन्याआधीचा वॉर्म-अप आणि इनिंगच्या सुरुवातीचे बॉल वेगळेच, ते कुणाच्याच हिशेबात नसतात. खांद्याला मात्र स्कोअरशीट वाचता येत नाही.

म्हणून पहिलं काम मोजणं. इनिंग मोजू नका. एखादी इनिंग आठ बॉलची असते, एखादी पस्तीसची. देवळाबाहेर नामजपासाठी बोटात घालायचं डिजिटल काउंटर मिळतं ना, तेच घ्या. वॉर्म-अपचा पहिला बॉल धरून सगळे मोजा, रात्री वहीत तारीख आणि आकडा लिहा. पालकांनी ‘सर, तुम्ही जास्त टाकायला लावता’ म्हटलं की सर चिडतात. ‘सर, मी मोजायला बसू का?’ म्हटलं की बहुतेक सर हो म्हणतात, आणि आठवड्याचा आकडा समोर आला की स्वतःच थबकतात. सगळेच थबकतात असं नाही, पण वाद आकड्यावर होतो, तुमच्या काळजीवर होत नाही.

सरावाचं म्हणाल तर स्पर्धा नसलेल्या आठवड्यात मी या वयाच्या मुलीला एक दिवसाआड असे तीनच दिवस पिचिंग देते. वॉर्म-अपसकट 70-80 बॉल, त्यातले निम्मेच पूर्ण वेगाने. बाकीच्या दिवशी बॅटिंग, धावणं, पायांचे व्यायाम. विंडमिलचा वेग पायांतून आणि कमरेतून वर येतो. पाय थकले की मुलगी तोच वेग खांद्यातून काढायला जाते आणि खरं बिघडतं ते तिथे. वर्षातून दोन-तीन महिने तरी पिचिंग पूर्ण बंद ठेवा. आपल्याकडे शालेय हंगाम संपला की निवड चाचण्या आणि मे महिन्याची शिबिरं लागतात. त्यातलं काय सोडायचं ते घरात आधीच ठरवा.

पण एवढं सगळं करूनही संघात पिचर एकच असेल तर उपयोग शून्य. दुसरी पिचर तयार करा म्हणून सरांच्या मागे लागा, बाकी पालकांनाही लावा. शांत डोक्याची मुलगी निवडली तर चार-पाच महिन्यांत ती स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या टप्प्यातला योग्य बॉल, टाकण्यापुरती तयार होते. बाद फेरीच्या स्पर्धांत सुरुवातीचे सामने बहुतेक एकतर्फीच होतात, ते तिला द्यायचे. शिवाय सुरुवातीच्या नऊजणींपैकी कुणी बाहेर गेली तरी तिला एकदा परत आत येता येतं, हा नियम आपल्याकडे फार कमी वापरला जातो. मुलीला दोन इनिंग बसवून शेवटी परत आणता येतं. किंवा पिचिंग थांबवून फर्स्ट बेसला उभी करा. कॅचर, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली जागा) किंवा थर्ड बेसला नको, तिथून थ्रोचा मारा चालूच राहतो.

सर तुम्हाला जपानची पिचर युकिको उएनो हिचं नाव सांगतील. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने एका दिवसात दोन सामने मिळून 318 बॉल टाकले, दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आणखी 95, आणि जपानने अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकलं. खरं आहे. तेव्हा ती 26 वर्षांची होती, आणि तो तिच्या आयुष्यातला सर्वात मोठा सामना होता, जिल्ह्याची उपांत्यपूर्व फेरी नव्हती. त्यांना हेही सांगा की टोकियोचा अंतिम सामना 2021 मध्ये जपानने पुन्हा जिंकला तेव्हा 39 वर्षांच्या उएनोने सहाव्या इनिंगमध्ये बॉल 20 वर्षांच्या मिउ गोतोकडे दिला आणि सातव्यात परत येऊन सामना संपवला. दुसरी पिचर आणि परत आत येण्याचा नियम, दोन्ही एकाच सामन्यात.

‘दुखतंय का?’ असं मुलीला विचारू नका. स्पर्धेच्या तोंडावर कुठलीही मुलगी ‘नाही’च म्हणते. ती वेणी घालताना हात वर कसा नेते, दप्तर कुठल्या खांद्यावर घेते, ते बघा. सामन्यात बॉल सारखे उंच जायला लागले, पुढचं पाऊल आखूड पडू लागलं, दोन बॉलमध्ये हात झटकायला लागली, की आकडा 40 वर असला तरी थांबवा. दंड-मांड्या दोन्हीकडे जड वाटणं हा साधा थकवा, दोन दिवसांत जातो. खांद्याच्या पुढे एकाच ठिकाणी दुखणं, कोपर ते मनगटातल्या हाडावर दाबल्यावर कळ येणं, करंगळी-अनामिकेला मुंग्या येणं, यातलं काहीही दिसलं तर पिचिंग बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे, जमल्यास खेळाडू तपासणाऱ्या. पिचर मुलींच्या या हाताच्या हाडाला बारीक तडा जातो आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो कधी कधी दिसतही नाही. त्याच फेरीत हिमोग्लोबिनही तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता, आणि रक्त कमी असलेली मुलगी लवकर थकते.

सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन तिला उतरवू नका. आणि विभागीय स्पर्धा तोंडावर आहे म्हणून कुणी खांद्यात इंजेक्शन घ्या म्हणालं तर सरळ नाही म्हणा. ती अजून 14 वर्षांखालील गटात आहे. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा हिशेब मांडायला पुढे वेळ आहे.

या आठवड्याचा आकडा मोजून झाला की इथेच खाली लिहा, पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रकही द्या. कुठल्या सामन्याला किती बॉल ठेवायचे ते बसून मांडू.