पासवर्ड बरोबर, तरी डेस्कटॉप येत नाही: वाचकांचे प्रश्न

लिनक्स किंवा युनिक्सच्या मशीनवर पासवर्ड घेतला जातो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लॉगिनची खिडकी समोर. हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा येतोय की त्यातले पाच इथे एकत्र घेतले.

प्रश्न: काळ्या स्क्रीनवर फक्त माउसचा बाण दिसतो. मशीन गेलं का?

नाही. बाण दिसतोय म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारा एक्स सर्व्हर उठलाय, अडलंय ते त्याच्या पुढचं, सेशन (लॉगिननंतर सुरू होणारे तुमचे प्रोग्रॅम) किंवा खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर.

प्रश्न: लॉगिन केलं की परत लॉगिनवरच येतो. सिस्टीम नव्याने टाकू का?

एवढ्यात नको. आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट लॉगिन करा, जुन्या सोलारिस किंवा एचपी-यूएक्स या युनिक्सवर लॉगिनच्या ऑप्शन्स मेनूत फेलसेफ सेशन, म्हणजे डेस्कटॉपशिवाय नुसतं टर्मिनल, असतं ते घ्या, आणि डिस्क भरलीये का बघा. लिनक्सवर डीएफ -एच (df -h) कमांडने जागा दिसते, डीएफ -आय ने आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, दिसतात, आणि आयनोड संपले तर जागा शिल्लक दिसत असूनही एकही नवी फाइल बनत नाही. डेस्कटॉपला सुरू होताना होममध्ये (तुमच्या फायलींची डिरेक्टरी) आणि टेम्पमध्ये (तात्पुरत्या फायलींची) लिहावं लागतं, तिथे लिहिता आलं नाही की सेशन गपकन बंद पडतं आणि बरेचदा स्क्रीनवर काही सांगतही नाही. ऑफिसचं मशीन असेल तर होम नेटवर्कवर असू शकतं, कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, लागलेला असू शकतो, म्हणून फायली उडवायच्या आधी अ‍ॅडमिनला विचारा.

प्रश्न: जुन्या वर्कस्टेशनचं नाव बदललं, तेव्हापासून सीडीईमध्ये (युनिक्सचा जुना डेस्कटॉप) 'डीटी मेसेजिंग सिस्टीम सुरू होऊ शकली नाही' असा बॉक्स येतो. सप्लायर म्हणतो सीडीई संपलं, मशीनच बदला.

मशीन विकणारा दुसरं काय सांगणार? तो बॉक्स पूर्ण वाचा, उपाय त्यातच लिहिलेला असतो: फेलसेफमधून आत जा आणि होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे मशीनची नावं आणि पत्ते लिहिलेल्या फाइलमध्ये, मशीनचं नाव बरोबर आहे का तपासा. सीडीईचे प्रोग्रॅम एकमेकांशी टूलटॉक या निरोप पोचवणाऱ्या सेवेवरून बोलतात, आणि मशीनला स्वतःच्याच नावाचा पत्ता सापडला नाही की ते बोलणं सुरूच होत नाही. नाव नवीन आणि होस्ट्समध्ये नोंद जुनी, तुमच्याकडे बहुतेक एवढंच झालंय. नोंद बरोबर असूनही अडलं तर टूलटॉकला लागणारी आरपीसीबाइंड ही सेवा चालू आहे का ते अ‍ॅडमिनकडून बघून घ्या. आणि सीडीई संपलेलं नाही, १९९३ साली एचपी, आयबीएम, सन वगैरेंनी मिळून जाहीर केलं होतं आणि २०१२ पासून ते ओपन सोर्स आहे.

प्रश्न: सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारं) लावून डेस्कटॉप सुरू करणारी स्टार्टएक्स कमांड चालवली, आता माझ्या नावाने डेस्कटॉप येत नाही. मित्र म्हणतो अख्ख्या होमला चमोड (chmod) कमांडने ७७७ परमिशन, म्हणजे सगळ्यांना सगळं वाचायची-लिहायची मुभा, दे, सगळं सुटतं.

देऊ नका. हा सल्ला कुठून कुठून फिरत येतो आणि त्याच्या मागोमाग बिघडलेली मशीनं येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमचा बिघाड बहुतेक एकाच फाइलचा आहे, होममधली डॉटवाली एक्सऑथॉरिटी (.Xauthority), तिच्यात तुमच्या स्क्रीनची किल्ली असते. सुडोमुळे तिचा मालक रूट, म्हणजे मशीनचा मुख्य युजर, झाला, आता तुमचं सेशन तिच्यात लिहू शकत नाही. एलएस -एल करून मालक बघा, रूट दिसला तर फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवा, डिरेक्टरी तुमचीच असल्यामुळे तेवढं तुम्हाला करता येतं, पुढच्या लॉगिनला नवी बनते. तशाच आइसऑथॉरिटी (.ICEauthority) फाइलचंही असंच.

७७७ ने मालक बदलतच नाही. होतं काय, तर त्या फाइलमधली किल्ली मशीनवरच्या कोणालाही वाचता येते आणि ती ज्याच्या हातात तो तुमची स्क्रीन आणि टाइप केलेलं सगळं बघू शकतो. वर एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करायचा प्रोग्रॅम, तुमची उघडी पडलेली प्रायव्हेट की वापरायला नकार देतं, सर्व्हरही सगळ्यांना लिहिता येईल असं होम बघून कीने लॉगिन देत नाही, म्हणजे डेस्कटॉप बंद असताना लांबून आत यायचा रस्ताही तुम्हीच बंद केला. चुकून हीच कमांड मुळापासून, स्लॅशवर चालली तर प्रोग्रॅमला रूटचे अधिकार देणारा सेटयूआयडी बिट जातो आणि सुडो, एसयू (दुसऱ्या युजरच्या नावाने काम करायची कमांड) दोन्ही मान टाकतात. आधी कोणाला काय परमिशन होती हे चमोड कुठेही लिहून ठेवत नाही, त्यामुळे मागे जायला कमांड नाही! आधीच केलं असेल तर लॉगआउट करू नका, रीबूट तर नकोच, उघडं टर्मिनल तसंच ठेवून अ‍ॅडमिनला बोलवा.

प्रश्न: लॉगमध्ये डिस्कचे आय-ओ एरर दिसतात, पण दोन-तीनदा प्रयत्न केला की डेस्कटॉप येतो. हातातलं काम संपेपर्यंत चालवू का? एका जाहिरातीत एका क्लिकमध्ये दुरुस्तीचं सॉफ्टवेअर बघितलंय.

कशाची वाट बघताय? असे एरर केबल किंवा कंट्रोलरमुळेही येतात, पण ते ठरेपर्यंत डिस्क मरायला टेकलीये असंच धरा आणि आज, आत्ता डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. खराब झालेला सेक्टर कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्यासारखा करत नाही, आणि त्याच डिस्कवर ते इन्स्टॉल केलंत तर वाचवता येण्यासारखं होतं त्यावरच लिहून बसाल. माउंट असलेल्या, म्हणजे वापरात जोडलेल्या, डिस्कवर एफएससीके (fsck, डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. कॉपी मध्येच अडली तर पुन्हापुन्हा रेटू नका, मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा.