ज्वारीचा चारा आणि ‘किराळ’

प्रश्न : अथणी तालुक्याच्या कोरडवाहू भागात आमच्या चार म्हशी आहेत. उन्हाळ्यात उसाच्या वाढ्यांवरच (शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावरच) भागवावे लागते. चाऱ्यासाठी ज्वारी केली तर चालेल का? ‘किराळ’ (कोवळी ज्वारी खाल्ल्याने जनावरांना होणारी विषबाधा) लागण्याची भीती वाटते. (एक वाचक)

उत्तर : अवश्य करावी. वाढ्यांत ऑक्झलेट असल्याने केवळ त्यांवर जनावरे ठेवल्यास शरीरातील कॅल्शियम कमी होते. ज्वारीचा चारा त्याहून सरस आणि मक्यापेक्षा कमी पाण्यावर येणारा आहे. हिरव्या चाऱ्यासाठी एकरी सुमारे 16 किलो बियाणे पुरते, आणि सोबत चवळी पेरल्यास चाऱ्यातील प्रथिने वाढतात.

आपली भीती मात्र रास्त आहे. कोवळ्या ताटांत, आणि विशेषतः पाण्याचा ताण पडून खुरटलेल्या पिकात किंवा कापणीनंतर फुटलेल्या खोडव्यात, धुरिन नावाचे द्रव्य अधिक असते व जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते. म्हणून पीक फुलोऱ्यात आल्यावरच कापावे, खोडव्यात म्हशी मोकळ्या सोडू नयेत. चांगल्या वाळलेल्या कडब्यात हा धोका बराच कमी होतो. मुरघासातही (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यातही) तो घटतो. धाप लागणे, लाळ गळणे, थरथरणे दिसताच चारा काढून घ्यावा आणि घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यास बोलवावे, कारण यावर सोडियम थायोसल्फेटसारखे उतारे आहेत, पण ते वेळेत टोचावे लागतात.