हाँगकाँगच्या ईएमएसडी, म्हणजे सरकारी वीज आणि यांत्रिक सेवा खात्याच्या वार्षिक अहवालात ‘स्मार्ट सिटी’ म्हणजे नेमकं काय असतं?
मोठमोठे शब्द सोडा आणि ‘ग्विन’ शोधा. हे सरकारी कामांसाठीचं सेन्सरचं जाळं, लोरा या लांब पल्ल्याच्या बिनतारी तंत्रावर चालणारं. सेन्सर अगदी थोडी माहिती, नाममात्र विजेवर, लांबपर्यंत पाठवतो. म्हणून बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. पाण्याची पातळी कळवायला तेवढं पुरतं, व्हिडिओ मात्र त्यावरून जायचा नाही.

मला विचाराल तर खरं काम हाँगकाँगच्या काई ताक भागातल्या शीतकरण यंत्रणेचं. तिथे समुद्राचं पाणी वापरून केंद्रात पाणी गार करतात आणि ते पाइपांतून इमारतींना पुरवतात. हवेने थंड होणाऱ्या नेहमीच्या एसी यंत्रणेपेक्षा सुमारे ३५ टक्के वीज कमी लागते.

अहवालातले उत्पन्नाचे आकडे पाहून गोंधळू नका: १९९६ पासून खात्याचा ट्रेडिंग फंड, म्हणजे सेवेच्या कमाईवर चालणारा सरकारी निधी आहे, तो इतर सरकारी खात्यांकडून सेवेचे पैसे घेतो.