सिझरच्या वेळी कमरेत इंजेक्शन घेतलं तर जन्मभर कंबर दुखते का? (बहिणीचं सिझर ठरलंय, नागपूर)

नाही, तसं होत नाही. मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) असो, डागा (सरकारी स्त्री रुग्णालय) असो की धंतोलीतलं खासगी हॉस्पिटल, सिझरला बहुतेक वेळा हीच कमरेतल्या इंजेक्शनची भूल (स्पायनल) देतात. पूर्ण बेशुद्ध करण्यापेक्षा ती सुरक्षित.

ताईला पाठ बाहेर काढून वाकायला सांगतील. मज्जारज्जू संपतो त्याच्या खालच्या मणक्यांमधून अगदी बारीक सुई जाते आणि औषध जेमतेम 2 मिली. आधी पाय गरम वाटतात, मग जड होतात. 5-10 मिनिटांत पोटापर्यंत बधिर. तरी आत ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं, पण दुखत नाही. हे तिला आजच सांगून ठेवा, नाहीतर टेबलावर उगाच धास्ती घेते. बीपी उतरून मळमळलं किंवा हुडहुडी भरली तर लगेच बोलायचं, भूलतज्ज्ञ डोक्याशीच उभे असतात.

सुईची जागा थोडे दिवस ठणकते. नंतरची कंबरदुखी बहुतेक गरोदरपणात सैल पडलेल्या सांध्यांमुळे आणि वाकून दूध पाजल्यामुळे असते. बसल्यावर वाढणारी, आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी मात्र अंगावर काढू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.