दोन सीझन सॉफ्टबूटवर स्नोबोर्डिंग केलंय. आता हार्डबूट (स्कीच्या बुटांसारखे कडक कवचाचे बूट) घेतलेत, तर बाइंडिंगचे (बूट बोर्डाला अडकवणाऱ्या पकडींचे) कोन किती ठेवू आणि सुरुवात कशी करू?

कोन बोर्डाच्या रुंदीवरून ठरवा; 0 अंश म्हणजे पाय बोर्डावर आडवा, कोन वाढेल तसा तो बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळतो. बूट अडकवून वरून बघा: टाच किंवा चवडा कडेबाहेर आला तर बोर्ड कलताना तोच आधी बर्फाला घासतो, कड सुटते आणि तुम्ही आडवे. मध्यम मापाच्या पायाला, कमरेत (मधल्या सर्वांत अरुंद भागात) 20-21 सेंमी असलेल्या बोर्डावर साधारण 55 ते 60 अंश लागतात. 25 सेंमीच्या बोर्डावर 45 अंशांतही भागतं. मागचा कोन 3-5 अंश कमी ठेवा. पुढच्या पायाचा चवडा आणि मागच्याची टाच किंचित उचलून घेतलीत की गुडघ्यांवरचा ताण बराच उतरतो.

रेसिंगच्या ताठ बोर्डाचा मोह मात्र टाळा. 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये पॅरलल जायंट स्लॅलम या स्नोबोर्ड शर्यतीचं सुवर्ण जिंकणाऱ्या एस्टर लेडेत्स्कासारखे खेळाडू वापरतात तसा लांब, ताठ बोर्ड कमी वेगात वाकतच नाही, मग वळेल कसा?

पहिले दिवस सकाळी, नुकत्याच सपाट केलेल्या, रुंद आणि सौम्य उतारावर घालवा. एकाच कडेवर तिरकं जा, थांबा, मागे वळून खूण बघा. पेन्सिलीसारखी बारीक रेघ दिसली तर कड धरली. रुंद पट्टा दिसला तर बोर्ड घसरतोय. नवशिक्यांना शिकवताना मी वळण जोडायची घाई करत नाही, आधी ही रेघ दोन्ही कडांवर यायलाच हवी. सगळ्यात चिवट सवय म्हणजे बर्फाला हात लावायला कमरेतून वाकणं. त्यामुळे वजन कडेवरून निघून जातं. गुडघे वाकवा, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा.