मित्राच्या घरी बंदूक आहे का, हे विचारू का?

अमेरिकेतल्या शाळा, बंदुका आणि पालक म्हणून आपले हक्क या विषयांवर बरीच पत्रं साठली होती. त्यांतली काही या वेळी घेतो आहे. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. माहिती थोडीफार सगळ्यांकडे आहे, पण समोरच्याला विचारायचा संकोच आहे. परक्या देशात आलोय, कशाला वाद, मुलाला त्रास होईल. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. शाळेच्या आणि बंदुकीच्या बाबतीत ती भिकेहून वाईट गोष्टी दारात आणू शकते.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला वर्गमित्राने रात्री राहायला बोलावलं आहे. त्याचे वडील शिकारीला जातात. घरात बंदुका असणार. विचारलं तर त्यांना अपमान वाटेल, असं माझे मिस्टर म्हणतात. काय करू? – एक आई, फ्रिस्को, टेक्सस

ताई, विचारा. आजच विचारा.

अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना पालकांना हाच सल्ला देते: मूल दुसऱ्यांच्या घरी खेळायला जाणार असेल तर तिथे बंदूक आहे का आणि ती कशी ठेवली आहे, हे आधी विचारा. २०२०पासून या देशात एक ते एकोणीस या वयातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. त्याआधी ते वाहन अपघात होतं. यात खून आणि आत्महत्या मोठ्या प्रमाणात आहेत, हे खरं. पण लहान मुलांच्या हातून चुकून गोळी सुटते ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरात, आणि ती बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर असते.

प्रश्न कसा विचारायचा, यावर बरंच अवलंबून असतं. एकटा विचारला की तो आरोपासारखा वाटतो. म्हणून इतर चौकशीत मिसळून विचारा. याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. कुत्रा मोकळा असतो का. मागच्या पूलला कुंपण आहे ना. आणि घरात बंदुका असतील तर त्या कुलपात असतात ना, गोळ्या वेगळ्या ठेवता ना? ‘बंदूक आहे का’ यापेक्षा ‘कशी ठेवता’ हा प्रश्न महत्त्वाचा. टेक्ससमध्ये पहिल्याचं उत्तर पुष्कळदा ‘हो’च येईल. नीट शिकारी माणूस दुसऱ्या प्रश्नाने दुखावत नाही. उलट तिजोरी उघडून दाखवतो, मुलांना काय शिकवलंय ते सांगतो. उत्तर टाळलं गेलं किंवा ‘वरच्या कपाटात आहे, मुलांचा हात पोचत नाही’ असं आलं, तर त्यांच्या मुलाला तुमच्याकडे राहायला बोलवा. मुलांचा हात सगळीकडे पोचतो.

बंदूक बाळगणं हा त्यांचा घटनेने दिलेला हक्क आहे. आपलं मूल कुठे झोपेल हे ठरवणं तुमचा. दोन्ही एकाच वेळी खरे आहेत आणि एकाने दुसऱ्याचा अपमान होत नाही. २०११मध्ये फ्लोरिडाने कायदा करून डॉक्टरांनी रुग्णांना घरातल्या बंदुकांबद्दल विचारण्यावर बंधन घातलं होतं. २०१७मध्ये फेडरल (म्हणजे केंद्रीय) अपील न्यायालयाने त्यातला मुख्य भाग रद्द केला, कारण विचारणं हेसुद्धा अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं.

मुलालाही सांगून ठेवा: बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, त्या खोलीतून बाहेर यायचं, मोठ्या माणसाला सांगायचं, आईला फोन करायचा. पण नऊ वर्षांच्या पोराच्या शहाणपणावर सगळा भार टाकू नका. समोर मित्र असतो, कुतूहल असतं.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. ऑफिसातली मंडळी शनिवारी शूटिंग रेंजवर चालली आहेत. बंदूक तिथेच तासाभरासाठी भाड्याने मिळते, विकत घ्यायची नाही. यात काही अडचण नाही ना? – एक वाचक, ऑस्टिन

अडचण आहे, आणि मोठी आहे. एच-वन-बी (नोकरीचा), एच-फोर (त्यावरच्या कुटुंबीयांचा), एफ-वन (विद्यार्थ्याचा) असे तात्पुरते व्हिसे असणाऱ्यांनी बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. ‘बाळगणं’ याचा अर्थ मालकी असा नाही. हातात घेतली, ताबा आला, की पुरे. भाड्याची आहे, तासाभराचीच आहे, रेंजवाल्याने काही विचारलं नाही, यातलं काहीही बचाव म्हणून चालत नाही. २०२२च्या कायद्याने या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवरून पंधरा वर्षं झाली. शिवाय बंदुकीशी संबंधित गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. तासाभराच्या मजेसाठी ग्रीन कार्डची सगळी रांग पणाला लावू नका.

कायद्यात काही अपवाद आहेत. त्यातला सर्वसामान्य माणसाला उपयोगी पडणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. तो आधी काढायचा, खिशात ठेवायचा, मग रेंजवर जायचं. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. पण नवरा ग्रीन कार्डवर आणि बायको अजून तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि घरातल्या तिजोरीची किल्ली दोघांकडे असेल, तर प्रश्न बायकोवर येऊ शकतो. अशा घरांनी वकिलाला विचारल्याशिवाय बंदूक आणू नये. आणि दुकानातल्या फेडरल फॉर्मवर व्हिसाच्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. तो आणखी एक स्वतंत्र गुन्हा.

माझी नात दुसरीत आहे. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव केला. मला रात्रभर झोप आली नाही. इतक्या लहान मुलांना हे कशासाठी? – एक आजोबा, कोथरूड

आजोबा, तुमचं न झोपणं मी समजू शकतो. सात वर्षांच्या मुलीला हे शिकावं लागतं, ही मोठ्यांनी आपलं काम न केल्याची खूण आहे. तरीही सराव स्वतः चुकीचा नाही.

१९९९मध्ये कोलंबाइन हायस्कूलमध्ये बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले, त्यानंतर असे सराव पसरू लागले. २०१२मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत वीस चिमुकली मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. त्यावर नेमलेल्या आयोगाने आतून कुलूप लागणाऱ्या वर्गाच्या दारांवर विशेष भर दिला. दार बंद, दिवे बंद, खिडकीतून दिसणार नाही अशा जागी शांत बसायचं, एवढंच त्या सरावात असतं. बाई सांगतील तसं करायचं, हे लहान मुलांना आगीच्या सरावातून आधीच माहीत असतं.

काही ठिकाणी मात्र नाटक केलं गेलं. खोटे हल्लेखोर, गोळ्यांचे आवाज, मुलांना आणि शिक्षकांना आधी न सांगता. बालरोगतज्ज्ञांच्या त्याच संघटनेने २०२०मध्ये याला स्पष्ट विरोध केला. मुलीला किंवा जावयाला शाळेला एवढं लिहायला सांगा: सराव आधी कळवून होतो का, त्यात कुणी हल्लेखोराचं सोंग घेतं का, घाबरणाऱ्या मुलासाठी काय सोय आहे? नातीला मात्र ‘भीती वाटली का गं’ असं पुन्हा पुन्हा विचारू नका. ती बोलेल तेवढं ऐका.

आठवीतल्या मुलाने मित्रांच्या ग्रुपवर ‘उद्या गणिताची परीक्षा, शाळाच उडवतो’ असं लिहिलं, पुढे हसण्याचे चार इमोजी. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत पोलिसांनी त्याची चौकशी केली. आम्हाला नंतर कळवलं. दहा दिवस घरी बसवलंय. हा अन्याय नाही का? – एक वडील, एडिसन, न्यू जर्सी

शाळेने दखल घेतली यात अन्याय नाही. ज्या पद्धतीने घेतली, त्यावर बोलता येईल.

शाळा एवढ्या दचकतात का? मिशिगनमधलं ऑक्सफर्ड हायस्कूल पाहा. ३० नोव्हेंबर २०२१च्या सकाळी एका विद्यार्थ्याने काढलेल्या हिंसक चित्रामुळे शाळेने आईवडिलांना बोलावलं. ते त्याला घरी न नेता परत गेले. बॅग कुणी तपासली नाही. तिच्यात वडिलांनी चार दिवसांपूर्वी घेतलेलं पिस्तूल होतं, आणि थोड्याच वेळात चार विद्यार्थी त्याला बळी पडले. २०२४मध्ये आईवडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाच्या शाळेतल्या गोळीबारासाठी पालकांना असं दोषी ठरवण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर कुठला मुख्याध्यापक चार इमोजी पाहून सोडून देईल?

दुसरं टोकही असतं. २०१३मध्ये मेरीलँडमध्ये एका सात वर्षांच्या मुलाने नाश्त्याचा पेस्ट्रीचा तुकडा चावून चावून बंदुकीसारखा केला, म्हणून त्याला दोन दिवस शाळेबाहेर ठेवलं. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कायदा करून खाद्यपदार्थाची खोटी बंदूक, बोटांची बंदूक अशा खेळावरून शिक्षा करायला मनाई केली. तुमच्या मुलाचा मेसेज पेस्ट्रीच्या जवळचा आहे की ऑक्सफर्डच्या, हे शांतपणे दाखवून देणं हे आता तुमचं काम.

‘शाळेबाहेर, खासगी ग्रुपवर लिहिलंय, शाळेचा संबंध काय’ हा युक्तिवाद अर्धाच टिकेल. २०२१मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका चीअरलीडर मुलीने स्नॅपचॅटवर शाळेला शिव्या घातल्या होत्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. पण त्याच निकालात गंभीर धमक्यांचा विषय वेगळा, असंही म्हटलं आहे.

पद्धतीकडे या. दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनाआधीसुद्धा मुलाला आरोप काय हे सांगणं आणि त्याची बाजू ऐकणं सरकारी शाळेवर बंधनकारक आहे. हे १९७५पासून ठरलेलं आहे. तातडीचा धोका असेल तर ही सुनावणी नंतर घेता येते, पण घ्यावी लागते. मुख्याध्यापकांना आजच लेखी विचारा: आरोप कोणत्या नियमाखाली, पुरावा काय, सुनावणी कधी, कुणी घेतली? १९७४च्या फेडरल कायद्याने मुलाची शालेय नोंद पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. ती मागा, आणि चुकीचं काही असेल तर दुरुस्तीची मागणी लेखी करा. खासगी शाळेला मात्र हे घटनात्मक बंधन लागू नाही. तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेलं नियमपुस्तक काढून वाचा.

पोलिसांचं वेगळं आहे. मुलाला मोकळेपणाने उठून जाता येत नव्हतं तर ती ताब्यातली चौकशी, आणि हे ठरवताना मुलाचं वय धरावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सांगितलं. यापुढे मुलाला एकच वाक्य पाठ करून ठेवा: ‘आईबाबा आणि वकील आल्याशिवाय मी बोलणार नाही.’ नम्रपणे म्हणायचं आणि मग खरंच गप्प राहायचं. आपली मुलं मोठ्या माणसाने दरडावलं की सगळं सांगून टाकतात, न केलेलंसुद्धा. फोन आपण होऊन उघडून द्यायचा नाही. पोलिसांना त्यासाठी सहसा वॉरंट लागतं. मुलगा अमेरिकी नागरिक नसेल तर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. बाल न्यायालयात ‘किरकोळ’ म्हणून मान्य केलेली गोष्ट पुढे अर्जात विचारली जाऊ शकते.

लग्नाहून परत आल्यावर मुलीच्या हातावरची मेंदी पाहून शाळेने ‘अंगावर लिहिणं चालत नाही’ म्हटलं. सकाळच्या झेंड्याच्या शपथेलाही तिला उभं राहायचं नसतं. दोन्हींत ती चुकते आहे का? – एक आई, अटलांटा

शपथेचं उत्तर सोपं आहे. १९४३मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळा कुणालाही झेंड्याला वंदन करायला लावू शकत नाही असं सांगितलं. काही राज्यांत पालकाची चिठ्ठी मागतात, तेवढी देऊन टाका.

मेंदीबद्दल शाळेला नीट समजावून सांगा: ही धुऊन जात नाही, आपोआप फिकी होते, आणि आमच्या लग्नकार्याचा भाग आहे. बहुतेकदा इथेच मिटतं. नाही मिटलं तर धार्मिक परंपरा म्हणून सवलत लेखी मागा. टेक्ससमध्ये एका मूळनिवासी अमेरिकन मुलाला लांब केसांवरून वर्गाबाहेर बसवलं होतं. २०१०मध्ये फेडरल अपील न्यायालयाने तिथल्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली त्याच्या बाजूने निकाल दिला. राज्यागणिक कायदा मात्र बदलतो.

इतकी मुलं मरतात, तरी बंदी का घालत नाहीत? – एक विद्यार्थिनी, पुणे

आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक परवान्यावर मिळते. सरकारला वाटलं तर देईल. तिथे १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने तो हक्कच आहे. तो हक्क राज्यांच्या नागरी सैन्यदलांपुरता (मिलिशिया) की प्रत्येक माणसाचा, यावर दोनशे वर्षं वाद होता. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा ठरवला, आणि २०२२मध्ये घराबाहेर बाळगण्यापर्यंत नेला. त्यामुळे सरसकट बंदी संसदेच्या हातात उरलेली नाही. मात्र २००८च्याच निकालात शाळांसारख्या जागी बंदी चालेल असं म्हटलं आहे. आणि २०२४मध्ये कौटुंबिक हिंसेच्या प्रतिबंधक आदेशाखाली असलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेणं आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरलं.

राजकारणही आहे. सँडी हूकनंतर २०१३मध्ये खरेदीदाराची पार्श्वभूमी अधिक ठिकाणी तपासण्याच्या प्रस्तावाला सिनेटमध्ये चौपन्न मतं पडली, आणि तरी तो हरला, कारण साठ लागत होती. टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्यावर, २०२२मध्ये, पहिल्यांदा बऱ्याच वर्षांनी एक मर्यादित कायदा झाला.

मला स्वतःला सर्वांत जास्त आशा बंदूक कुलपात ठेवण्याच्या कायद्यांत दिसते. २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीने अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. कुलूप त्या क्षणाला थोडा वेळ मिळवून देतं, आणि त्याने कुणाचा घटनात्मक हक्क जात नाही. मिशिगनमध्ये असा कायदा फेब्रुवारी २०२४पासून लागू झाला. कॅलिफोर्नियात शाळांनी दरवर्षी पालकांना या नियमांची आठवण करून द्यायची असते. तुमच्या नात्यातलं कुणी तिथे राहत असेल आणि त्यांना मतदानाचा हक्क नसेल, तरी हीच पद्धत आपल्या भागात आणा, असं ते स्थानिक स्कूल बोर्डापुढे मांडू शकतात. बहुतेक बोर्डांच्या बैठकीत रहिवाशांना दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतात. नाव मात्र आधी यादीत लिहावं लागतं.