अर्धवट वाचलेली वचनं

प्रश्न : नवरा हात उचलतो आणि वर ‘पत्नींनो, पतीच्या अधीन असा’ हे वचन ऐकवतो. सासूबाई म्हणतात, शास्त्रातच आहे, सोसायचं. खरंच तसं आहे का? (एक बहीण, निपाणी)

उत्तर : ताई, वचन आहे, बायबलमधलं इफिसकरांस पत्र, अध्याय 5, वचन 22. पण त्याच्या आधीचंच वचन सगळ्यांना एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं. बायकांना तीन वचनांत सांगून झालं की पुढे अध्याय संपेपर्यंत पत्रलेखक पौल मुख्यतः नवऱ्यांनाच धरून बसतो: ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, जीव दिला तशी प्रीती करा, बायकोला स्वतःच्या शरीरासारखं जपा. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:7) तर पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल, असा सरळ इशारा आहे. हे वचन तुमच्या घरी बहुतेक कुणाला पाठ नसावं!

पौलाच्या काळचं घर पुरुषाच्या हाताखाली चालायचं आणि त्याची छाप या मजकुरावर आहे, हेही मान्य करू. पण पुढच्याच अध्यायात दासांनी धन्याचं ऐकावं असंही लिहिलंय. त्याचा आधार घेऊन आज कुणी गुलाम ठेवत नाही. मग बायकोला मारायला मात्र शास्त्र कसं चालतं?

सोसू नका. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) सांगायचं तर जरूर सांगा, पण आधी सुरक्षित ठिकाणी जा.

प्रश्न : पाळी असताना चर्चमधलं प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घ्यावं का? आजी मागच्या बाकावर बसवते. (चिकोडी)

उत्तर : घ्या. बायबलमधल्या लेवीय ग्रंथाच्या 15व्या अध्यायात पाळीचे सात दिवस अशुद्ध म्हटले आहेत, पण त्याच अध्यायात पुरुषाच्या वीर्यस्रावालाही अशुद्धच म्हटलंय. त्यावरून आजोबांना कुणी मागच्या बाकावर बसवलेलं मी तरी पाहिलं नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय 5) बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. नियमाप्रमाणे विटाळच झाला. तो रागावत नाही, सगळ्यांदेखत तिला ‘मुली’ म्हणतो. आजीचा नियम बायबलपेक्षा आपल्या गावगाड्यातूनच आलेला दिसतो.

प्रश्न : वडील वारले. भाऊ म्हणतो, लग्नात दिलं की, आता हक्कसोडपत्रावर सही कर. बायबलमध्येही मुलींना जमीन नाही. (बेळगाव तालुका)

उत्तर : भावाला बायबलमधल्या गणना ग्रंथाचा 27वा अध्याय वाचायला द्या. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहून वाटा मागतात आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. अर्थात तो हक्क मुलगा नसेल तरच होता, आणि पुढे 36व्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट आली.

तुमचा हक्क मात्र त्या अटींवर नाही. ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखं. लग्नखर्च हा वाटा नव्हे. वकिलाला कागद दाखवल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : बायबलमधल्या शास्ते ग्रंथाचा 19वा अध्याय वाचला आणि पुस्तक मिटलं. याला पवित्र कसं म्हणायचं? (कॉलेज विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : त्या अध्यायात एक पुरुष आपल्या उपपत्नीला गावगुंडांपुढे ढकलतो. त्याचं कौतुक तिथे नाही, ज्याला जे बरं वाटे ते तो करी, अशा शब्दांत हा ग्रंथ संपतो. पण बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या 22व्या अध्यायात कुमारीवर बळजबरी करणाऱ्याने तिच्याशीच लग्न करावं, असं आहे. तो कायदा आहे, नुसती गोष्ट नव्हे, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. तुमचा राग योग्य आहे.

प्रश्न : बायकांनी चर्चमध्ये बोलू नये म्हणतात, ते खरं का? (खानापूर)

उत्तर : करिंथकरांस पहिल्या पत्रात तसं आहे (14:34), पण त्याच पत्रात (11:5) बायका प्रार्थना करतात, संदेश देतात, हे गृहीतच धरलंय. किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस पौल रोमच्या मंडळीकडे करतो. चर्च ऑफ साउथ इंडियात 2013 साली स्त्री बिशप झाली. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरुपद पुरुषांकडेच आहे, पण 2021 पासून उपासनेत बायबल वाचून दाखवणारं वाचकपद स्त्रियांना रीतसर खुलं झालंय. आणि पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यातलं एक पान वाचायला उभं राहताना कुणाची परवानगी मागत बसू नका.